विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: ॲरिझोनाचा आइस हॉकी संघ आणि माझं 'नाही'चं मत

सोनोरा

आम्ही टेंपीत राहतो, फीनिक्सला अगदी चिकटून. गेल्या आठवड्यात कपाटं आवरायला काढली तर लेकीच्या खणात तळाशी कायोटीज संघाची जर्सी सापडली. क्लेटन केलरची, ९ नंबरची. नीट घडी घालून ठेवलेली. लेक आता चौदा वर्षांची आहे. मी सहज विचारलं, हल्ली घालत नाहीस? तर म्हणाली, "आई, ते मतदान झालं तेव्हा तू काय मत दिलं होतंस?"

खरं ते सांगितलं. 'नाही'. ती काही बोलली नाही. जर्सी पुन्हा तिथेच ठेवून दिली.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी: कायोटीज हा एनएचएलमधला (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग) आमच्याकडचा संघ. त्याला स्वतःचं घर नव्हतं. टेंपीत प्रीस्ट ड्राइव्हजवळ ४६ एकरांची शहराची जुनी कचराभूमी आहे. तिथे अरीना (बंदिस्त क्रीडागृह), घरं, हॉटेलं, दुकानं असा २१० कोटी डॉलरचा प्रकल्प संघाने मांडला. नगर परिषदेने एकमताने तो मतदारांपुढे ठेवला. १६ मे २०२३ रोजी तिन्ही प्रस्ताव पडले, साधारण ५६ टक्के लोक 'नाही' म्हणाले. वर्षही झालं नव्हतं तोच, १८ एप्रिल २०२४ला, लीगने संघ सॉल्ट लेक सिटीला द्यायला मंजुरी दिली.

मी मत उडत उडत दिलं नव्हतं. माहितीपुस्तिका दोनदा वाचली होती. करसवलत काही भागांना आठ वर्षं, अरीनाला तीस वर्षं. मालकांवर विश्वास बसत नव्हता. पण आता घरात हा प्रश्न उभा राहिलाय आणि मला त्याचं प्रामाणिक उत्तर द्यायचंय. ज्यांच्या शहरातून संघ गेला किंवा ज्यांच्या शहरात आला, त्यांनी अनुभव सांगा. आणि माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

तात्या_सिन्नर

वाचतोय. एक साधी शंका. ही बर्फावरची हॉकी ना? वाळवंटात बर्फ टिकतो कसा? आणि एवढा मोठा संघ भाड्याने राहतो म्हणजे नक्की काय?

ग्लेनडेलकर

@तात्या, हो, बर्फावरचीच. काँक्रीटच्या जमिनीखालून नळ्यांतून गार द्रावण फिरवतात, वर पाण्याचे पातळ थर देत जातात. बाहेर ४५ अंश असले तरी आत इंचभर बर्फ छान टिकतो.

भाड्याचं मात्र सविस्तर सांगतो, कारण मी ग्लेनडेलच्या अरीनापासून, म्हणजे संघाच्या जुन्या जागेपासून, दहा मिनिटांवर राहिलोय आणि माझा मालमत्ता कर त्याच शहरात भरलाय.

आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार असतो: भाडं, डिपॉझिट, किल्ली. इथे तसं नसतं. इमारत बहुतेक वेळा शहराची. ती चालवायची कोणी, पार्किंगचे पैसे कोणाचे, खाण्यापिण्याचे कोणाचे, दारावरच्या नावाचे कोणाचे, मैफली झाल्या तर त्यांचे कोणाचे, या सगळ्याची वाटणी म्हणजे लीज. पुष्कळदा भाडेकरूच घरमालकाकडून पैसे घेतो, 'इमारत सांभाळतो' म्हणून.

संघ मूळचा विनीपेगचा. १९९६ला फीनिक्सला आला आणि बास्केटबॉलसाठी बांधलेल्या अरीनात राहिला. तिथे बर्फाचं मैदान नीट बसतच नव्हतं. वरच्या काही खुर्च्यांवरून एका बाजूचा गोल दिसायचा नाही. मग फीनिक्सशेजारच्या ग्लेनडेल शहराने साधारण १८ कोटी डॉलरचे रोखे काढून नवीन अरीना बांधलं. डिसेंबर २००३मध्ये तिथे पहिला सामना झाला. करार ३० वर्षांचा.

तीस वर्षांच्या करारात सहाव्या वर्षी, मे २००९मध्ये, मालक जेरी मॉइस यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्लॅकबेरीवाले जिम बॉल्सिली २१ कोटी २५ लाख डॉलर द्यायला तयार होते, अट एकच: संघ कॅनडात हॅमिल्टनला नेणार. न्यायाधीशांनी नाही म्हटलं. शेवटी लीगनेच संघ विकत घेतला, १४ कोटींना. आणि संघ टिकावा म्हणून ग्लेनडेलने लीगला दोन हंगाम दरवर्षी अडीच कोटी डॉलर दिले. अडीच लाख वस्तीचं शहर. त्या काळात इथल्या ग्रंथालयांच्या वेळा, पालिकेच्या नोकऱ्या, सगळ्यावर चर्चा चालायची. मी त्या बैठकांना गेलोय.

मग संघ विकत घ्यायला एकेक नवरदेव आले आणि परतले. शिकागोचे हल्सायझर आले, पण त्यांच्यासाठी शहर जे रोखे काढणार होतं त्यावर गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या सरकारी खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या संस्थेने आक्षेप घेतला. ॲरिझोनाच्या राज्यघटनेत सार्वजनिक पैसा खासगी मंडळींना भेट देण्यास मनाई आहे. रोखे विकले गेले नाहीत, लग्न मोडलं. २०१३मध्ये नवीन मालकांशी ४ विरुद्ध ३ मतांनी करार झाला: १५ वर्षं, दरवर्षी दीड कोटी डॉलर शहराने द्यायचे. शिवाय पाच वर्षांत ५ कोटींचा तोटा दिसला तर संघाला निघून जायची मुभा. दोनच वर्षांत, जून २०१५मध्ये, परिषदेने ५ विरुद्ध २ मतांनी तो रद्द केला, कारण शहराचा माजी वकील संघाच्या नोकरीत गेला होता आणि हितसंबंधांच्या कायद्याचा आधार मिळाला. तडजोड होऊन दोन वर्षांचा करार, मग वर्षावर्षाने वाढ. ऑगस्ट २०२१मध्ये शहराने सांगितलं, हा हंगाम शेवटचा. त्याच डिसेंबरात थकलेल्या करांवरून दाराला कुलूप लावायची नोटीस निघाली. संघाने पैसे भरले, चूक नजरेतून सुटली होती म्हणाले. पण तोपर्यंत आमच्या गावात त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

@सोनोरा, तुम्ही 'नाही' म्हणालात त्यात आमच्या गावच्या अठरा वर्षांचा वाटा आहे.

निशिगंध

ग्लेनडेलकर, प्रतिसाद फार आवडला. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर" हे शीर्षक आता कळलं.

लाल_नदी

विनीपेगहून. ज्यांच्याकडून तो संघ गेला ते आम्ही.

मी इथे २००८ला आलो, त्यामुळे १९९६ मी पाहिलेलं नाही, पण पहिल्या हिवाळ्यातच ऐकलं. ऑफिसात शेजारी बसणारे गृहस्थ त्या वेळी शाळेत होते. मुलांनी आपले गल्ले फोडून पैसे आणले होते, शहरभर हजारो लोक रस्त्यावर आले होते. तरीही नाही जमलं. अरीना जुनं, कॅनडाचा डॉलर पडलेला, खेळाडूंचे पगार मात्र अमेरिकन डॉलरमध्ये. ते हे सांगताना अजून गप्प होतात. त्यांना पैशाचा हिशेब पटतो, पण संघ गेला त्या दिवशीची त्यांची आठवण हिशेबाची नाही.

मग २०११ला अटलांटाचा संघ आमच्याकडे आला. सीझन तिकिटांचं लक्ष्य १३,००० होतं. सर्वांसाठी विक्री खुली झाली आणि उरलेली तिकिटं काही मिनिटांत संपली. मी आयुष्यात अनोळखी माणसांना इतकं मिठ्या मारताना पाहिलं नव्हतं. पण आपल्याला मिळालं ते अटलांटाच्या कोणाच्या तरी मुलीचं गेलं, हे त्या दिवशी माझ्याही डोक्यात आलं नाही.

@सोनोरा, एक गोष्ट लेकीला जरूर सांगा. ग्लेनडेल सुटल्यावर संघ तुमच्या टेंपीतल्या विद्यापीठाच्या छोट्या अरीनात आला; तिथला पहिला सामना, ऑक्टोबर २०२२चा, आमच्याच संघाविरुद्ध होता. माहेरची माणसं गृहप्रवेशाला आली होती म्हणा.

अवांतर: तुमच्याकडे अधिक ४५, आमच्याकडे उणे ३५. सरासरी काढली की महाबळेश्वरचा डिसेंबर.

सोनोरा

@लाल_नदी, महाबळेश्वर वाचून घरात सगळे हसलो. अटलांटाचं वाक्य मात्र लेकीला वाचून दाखवलं. "म्हणजे त्यांचाही संघ कोणाचा तरी आहे," म्हणाली.

बेरीज_वजाबाकी

मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून मूळ प्रश्नावर येतो.

अरीना आलं की शहराला पैसा मिळतो, हा दावा अभ्यासकांनी गेली तीस-पस्तीस वर्षं तपासलाय. रॉजर नोल, अँड्र्यू झिंबलिस्ट आणि पुढचे कितीतरी. बहुतेकांचा निष्कर्ष एकाच दिशेचा: शहराने घातलेला पैसा परत येत नाही. कारण अवघड नाही. घराच्या खर्चात करमणुकीचं पाकीट एकच असतं. चौघं हॉकीला गेले नाहीत तर बास्केटबॉलला जातात, जेवायला जातात, नाटकाला जातात. पैसा शहरातच फिरतो, फक्त गल्ला बदलतो. वर हॉकीचे घरचे सामने चाळीसेक, उरलेल्या दिवशी इमारत भरायला मैफली लागतात. ग्लेनडेलने शेवटी हेच गणित मांडलं: संघासाठी तारखा अडवून ठेवण्यापेक्षा मोकळ्या तारखांना मैफली परवडतात.

टेंपीचा प्रस्ताव ग्लेनडेलपेक्षा बरा होता, हेही सांगायला हवं. बांधकाम खासगी पैशाने होणार होतं. शहर रोख देणार नव्हतं, भविष्यातला कर सोडणार होतं. पण सोडलेला कर हाही पैसाच.

तुमच्या जागी मीही 'नाही' म्हटलं असतं.

लेकशोर

@बेरीज_वजाबाकी, पाकिटाचा हिशेब मान्य. पण तुम्ही पाकीट मोजलंत, पोरं मोजली नाहीत.

मी टोरांटोजवळ राहते. आमच्या संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू ऑस्टन मॅथ्यूज. तो वाढला कुठे? स्कॉट्सडेलमध्ये, तुमच्या शेजारी. लहानपणी कायोटीजचे सामने बघून हॉकीकडे वळला. २०१६ला लीगमध्ये सगळ्यात आधी त्याची निवड झाली. १९९६च्या आधी वाळवंटातलं एखादं मूल तिथवर पोचेल असं कोणाला वाटलं असतं? संघ असला की बर्फाचे रिंक उभे राहतात, जुने खेळाडू तिथेच स्थायिक होतात, मुलांना शिकवतात. शेन डोन विनीपेगहून संघाबरोबर आला, २०१७ला निवृत्त होईपर्यंत त्याच संघात राहिला. त्याचा मुलगा जॉश ॲरिझोनात वाढला आणि संघाच्या शेवटच्या महिन्यात त्याच संघाकडून उतरला, पहिल्याच सामन्यात दोन गोल. असल्या गोष्टी ताळेबंदात कुठल्या रकान्यात लिहायच्या?

मी 'हो' म्हटलं असतं, आणि छातीठोकपणे म्हटलं असतं.

बेरीज_वजाबाकी

@लेकशोर, मुलांसाठी रिंक हवे असतील तर शहराने थेट रिंक बांधावेत. एका अरीनाच्या करसवलतीत कितीतरी होतील.

लेकशोर

होतील. पण कोणतं शहर बांधतं? आणि पोरगी रिंकवर जाते ती केलरला पाहून जाते.

ध्वनिरेषा

मी टेंपीतच, 'नाही'वालाच, पण माझं कारण वेगळं. विमानतळ. स्काय हार्बरवरून उडणारी विमानं त्या जागेच्या डोक्यावरून जातात. टेंपी आणि फीनिक्स यांच्यात आवाजाबद्दल १९९४चा जुना करार आहे. तिथे दोनेक हजार घरं झाली असती तर त्या लोकांनी पुढे आवाजाच्या तक्रारी केल्या असत्या, आणि आम्ही जुने रहिवासी ज्या करारावर निर्धास्त झोपतो तोच सैल पडला असता. याच मुद्द्यावर फीनिक्स शहराने मतदानाआधी टेंपीला कोर्टातही खेचलं होतं. माझा हॉकीवर राग नाही. त्यांनी नुसतं अरीना मागितलं असतं तर मी कदाचित 'हो' म्हटलं असतं. पण नुसत्या अरीनात त्यांचा नफा नव्हता, नफा घरांत होता. हल्ली सगळीकडे हेच चाललंय, खेळ पुढे आणि जमीन मागे.

ग्लेनडेलकर

शंभर टक्के. आमच्याकडेही अरीनाभोवतीच्या दुकानांच्या आशेवरच सगळं उभं होतं. आणि २००८ला बांधकामाचा बाजारच बसला.

गहुंजेकर

पुण्याहून. आइस हॉकीत मला गती नाही, पण संघ जाणं म्हणजे काय ते माहीत आहे. सहाराने २०१०मध्ये ३७ कोटी डॉलरला पुण्याचा आयपीएल संघ घेतला. गहुंज्याचं स्टेडियम नवंकोरं होतं. फ्रँचायझी फीवरून बोर्डाशी भांडण झालं, २०१३ला पुणे वॉरियर्स संपले. स्टेडियम द्रुतगती मार्गाच्या कडेला तसंच.

पण दुसरी बाजूही पाहिली. २०१८ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला आले. चेन्नईहून खास रेल्वेगाडी भरून लोक आले होते. गहुंज्यात माझ्या शेजारी एक आजोबा होते, पिवळा सदरा, रात्रभर प्रवास करून आलेले. मला म्हणाले, तुमचं गाव छान आहे, पण आमचा संघ परत पाठवा. आम्ही दोघांनी मिळून चहा घेतला. सोनोराताईंची पोस्ट वाचून तेच आठवले.

तात्या_सिन्नर

गहुंजेकर, आजोबांचा किस्सा सुरेख. आता समजलं. घरमालक शहर, भाडेकरू संघ, आणि भांडण झालं की रस्त्यावर येतात ते प्रेक्षक.

वासॅच

सॉल्ट लेक सिटीहून लिहितोय. हा धागा वाचताना अपराधी वाटलं, म्हणून दोन दिवस गप्प होतो.

संघ आला तेव्हा विमानतळावर लहान मुलं हॉकीच्या काठ्या घेऊन स्वागताला उभी होती. आमच्याकडे आनंद खरा आहे. सौदा एकूण १२० कोटी डॉलरचा: १०० कोटी जुन्या मालकांना, २० कोटी लीगच्या इतर मालकांना. आणि कागदोपत्री संघ हललाच नाही. कायोटीजचा सगळा इतिहास ॲरिझोनातच ठेवला, आमच्याकडे 'नवीन' संघ म्हणून नोंद झाली. जुने मालक ॲलेक्स मेरुएलो यांना पाच वर्षांत अरीना बांधून संघ पुन्हा उभा करायची मुभा होती. उत्तर फीनिक्समधल्या ९५ एकर सरकारी जमिनीचा लिलाव ठरला होता, तो जून २०२४मध्ये रद्द झाला आणि त्यांनी नाद सोडला.

पण फुकट काही आलेलं नाही. शहराने विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवलाय, त्यातून अरीना आणि आसपासच्या भागासाठी ९० कोटी डॉलरपर्यंत उभे करायचेत. आमचं मत कोणी विचारलं नाही, परिषदेतच ठरलं. तुम्हाला निदान विचारलं तरी. आणि आमचं डेल्टा सेंटरही बास्केटबॉलचंच. पहिल्या हंगामात कित्येक खुर्च्यांवरून एका बाजूचा गोल नीट दिसत नव्हता. आता बदल करताहेत. ग्लेनडेलकरांनी १९९६चं लिहिलंय ते वाचून मी थबकलोच.

लाल_नदी

@वासॅच, अपराधी वाटून घेऊ नका. पण जपा. आमच्याकडे १३,००० सीझन तिकिटांची तीन वर्षांत ९,५००च्या आसपास आली होती. २०२४ला मालकांनी स्वतःच जाहीर काळजी व्यक्त केली आणि अख्ख्या गावाच्या पोटात गोळा आला. एकदा संघ गेलेल्या गावाला दार वाजलं तरी दचकायला होतं.

लेकशोर

आणि नुसतं अरीना बांधूनही संघ येत नाही. हॅमिल्टनने १९८५ला बांधलं, क्युबेक सिटीने २०१५ला. दोन्हीकडे एनएचएलचा संघ अजून नाही. पण रिकामं अरीना असलेलं शहर लीगच्या फार कामी येतं. दुसऱ्या शहराशी बोलणी करताना त्याचं नाव नुसतं घेतलं तरी पुरतं.

बेरीज_वजाबाकी

@लेकशोर, हे वाक्य मी वर्गात वापरणार. लीग संघांची संख्या मोजकी ठेवते आणि शहरं जास्त, म्हणून शहरं एकमेकांवर चढून बोली लावतात. टेंपीने बोली लावायला नकार दिला, एवढंच.

सोनोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा मी लेकीबरोबर बसून पूर्ण वाचला.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती. १७ एप्रिल २०२४, एडमंटनविरुद्धचा शेवटचा सामना. मलेट अरीना विद्यापीठाचं, जेमतेम पाच हजारांचं. तिकिटं परवडणारी नव्हती. आम्ही घरीच टीव्हीवर पाहिला. ५-२ ने जिंकलो. सामना संपल्यावर लोक उठेचनात, खेळाडू बर्फावरच थांबले. लेक सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. तिला माझं मत माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आता उत्तर. आज पुन्हा मतपत्रिका आली तर मी 'नाही'च म्हणेन. ग्लेनडेलकरांनी लिहिलेलं सगळं वाचून तर नक्कीच. पण २०२३ला मत टाकून मी मोकळी झाले. कचराभूमीच्या जागी काय व्हावं, मुलांना रिंक कुठे मिळावा, यावर परिषदेच्या एकाही बैठकीला गेले नाही. लेकशोर, 'कोणतं शहर बांधतं?' हा तुमचा प्रश्न मला लागला. पुढच्या महिन्यात बैठक आहे, आम्ही दोघी जाणार आहोत. बोलायला तीन मिनिटं मिळतात. लेक म्हणते ती बोलेल.

मी तिला हेच सांगितलं. तिला पटलं नाही. "मी असते तर 'हो' म्हटलं असतं," म्हणाली. पण आता ती माझ्याशी त्यावर भांडते, गप्प बसत नाही, आणि मला तेच हवं होतं.

वासॅच

@सोनोरा, केलर आमच्याकडे कर्णधार आहे. डिसेंबरच्या सुट्टीत लेकीला घेऊन या. गाडीने दहा-अकरा तास, पेजमार्गे रस्ता सुंदर आहे. आमच्याकडे उतरा, बायको वांग्याचं भरीत उत्तम करते. तिकिटं मी काढतो, दोन्ही गोल दिसतील अशी.

सोनोरा

विचारलं तिला. म्हणाली, येईन, पण कायोटीजचीच जर्सी घालून.

वासॅच

घालू द्या. इथे अजून पुष्कळजण घालतात.